रिकाम्या आसनाचे भाडे कोणी द्यायचे?

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर या दोन शहरांच्या दरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली. ज्या जिल्ह्याच्या मातीवर राज्याच्या सार्वजनिक वाहतुकीचा जन्म झाला, तो आजचा अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. चौदा तालुक्यांच्या या विस्तारात शाळा एका गावी, कचेरी दुसऱ्या गावी आणि दवाखाना तिसऱ्या गावी, ही नित्याची स्थिती होय. साहजिकच येथे प्रवास ही हौस नसून उपजीविकेची पूर्वअट आहे. म्हणूनच महासाथीच्या काळात गर्दीच्या गाडीत चढणाऱ्या माणसाची जी कोंडी झाली, तिचा विचार या जिल्ह्याच्या संदर्भात करणे विशेष उद्बोधक ठरेल.

मार्च २०२०च्या अखेरीस गाड्या थांबल्या. मे महिन्यात जिल्ह्यांतर्गत वाहतूक निम्म्या आसनांवर सुरू झाली. २० ऑगस्टपासून आंतरजिल्हा गाड्या धावू लागल्या आणि सप्टेंबरमध्ये सर्व आसने भरण्यास मुभा मिळाली. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा निर्बंध आणले. हा झाला आदेशांचा इतिहास. प्रवाशाच्या मनाचा इतिहास मात्र कोणत्याही परिपत्रकात नोंदलेला नाही.

शेजाऱ्याचे भय

माळीवाड्याच्या किंवा तारकपूरच्या स्थानकावर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. महासाथीने त्या रीतीचा अर्थ पालटला. पूर्वी खिडकीची जागा वाऱ्यासाठी हवी असे. आता ती जिवासाठी हवीशी झाली. कोणी खोकले की साऱ्या माना एकदम वळत. धुळीने ठसका लागलेला वृद्ध ओशाळून सांगे, की मला काही झालेले नाही. पाथर्डीहून नगरला कचेरीत येणारा कारकून सायंकाळी घरी परतल्यावर आधी अंगणात हातपाय धुई आणि मगच उंबरा ओलांडी. पण घरातील म्हाताऱ्या आईपासून किती अंतरावर बसावे, हे त्याला कोणी सांगू शकत नव्हते. शेजारी बसणारा माणूस हा एरवी गप्पांचा सोबती. तोच संशयाचा विषय व्हावा, ही या काळाची सर्वांत बोचरी हानी होती.

त्यातच शास्त्राचे ज्ञानही टप्प्याटप्प्याने येत होते. प्रारंभी भर होता तो हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर. पुढे हे स्पष्ट झाले की बंदिस्त जागेतील हवेतूनही विषाणू पसरतो. म्हणजे पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेली गाडी ही सर्वांत धोक्याची. प्रवाशापुढे प्रश्न उरे तो भिजण्याचा की श्वास कोंडून बसण्याचा.

अंतराला किंमत असते

या काळात एक वाक्य वारंवार ऐकू येई : लोकांना शिस्त नाही, म्हणून गर्दी होते. हे निदान सोपे आहे आणि म्हणूनच ते अपुरे आहे. सकाळच्या दोन गाड्यांपैकी एकच सुटली, तर दोन गाड्यांची माणसे एका गाडीत येणार, हे उघड आहे. गर्दी हा प्रवाशांचा स्वभावदोष नव्हे. मागणी आणि पुरवठा यांतील तफावतीचे ते दृश्य रूप आहे. ज्यांच्यापाशी स्वतःचे वाहन होते, त्यांनी पेट्रोलच्या दरात सुरक्षित अंतर विकत घेतले. ज्यांच्यापाशी ते नव्हते, त्यांनी गर्दीची किंमत प्रकृतीने आणि चिंतेने चुकती केली. सुरक्षित अंतर ही अशा रीतीने बाजारातील एक वस्तू बनली.

चव्वेचाळीस आसनांच्या गाडीत बावीसच प्रवासी घ्यावयाचे, हा निर्णय आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होता. पण गाडीचे डिझेल निम्मे लागत नाही. चालकाचे व वाहकाचे वेतनही निम्मे होत नाही. उत्पन्न तेवढे निम्मे होते. समजा, प्रत्येक तिकीट पन्नास रुपयांचे आहे. मग बावीस रिकाम्या आसनांची एका फेरीची किंमत अकराशे रुपये. ही रक्कम कोणी द्यायची? या प्रश्नाला उत्तरच नसल्याने फेऱ्या कमी झाल्या, आणि थांब्यावर उरलेली माणसे काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत दाटीवाटीने बसली. एस. टी.त राखलेले अंतर जीपमध्ये हरवले. नियम पाळला गेला, त्याचा हेतू मात्र रस्त्यात सांडला.

आता दुसरा आकडा पाहावा. खासगी रुग्णालयातील विलगीकरण कक्षातील साध्या खाटेसाठी शासनाने मे २०२०मध्ये ठरवून दिलेला कमाल दर दिवसाला चार हजार रुपये होता; कृत्रिम श्वसनयंत्रासह अतिदक्षता विभागाचा नऊ हजार. एका रुग्णाच्या एका दिवसाच्या साध्या खाटेच्या खर्चात वरील उदाहरणातील तीन फेऱ्यांची रिकामी आसने भागतात. शिवाय लांब पल्ल्याची वाहतूक बंद असताना गाड्या आगारांत उभ्याच होत्या, आणि त्यांचे चालक-वाहकही कामाविना होते. जादा फेरीचा जादा खर्च मुख्यतः डिझेलाचाच होता. तरीही अर्थशास्त्राचा हा प्राथमिक हिशेब धोरणात उतरला नाही.

तत्त्व नवे नाही

शासनाने असा भार उचलावा ही मागणी अवास्तव आहे काय? तसे म्हणता येत नाही. मे २०२०मध्ये परप्रांतीय मजुरांना एस. टी.ने राज्याच्या सीमेपर्यंत विनामूल्य नेले आणि तो खर्च शासनाने सोसला. त्याच वर्षी मुंबईत बेस्टच्या मदतीला राज्यभरातून सुमारे एक हजार गाड्या धाडण्यात आल्या, त्या तेथील गर्दी विरळ व्हावी म्हणूनच. म्हणजे राजधानीसाठी हे तत्त्व मान्य होते. तालुक्याच्या गावासाठी ते कोणाला आठवले नाही. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेखाली मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. २०२२पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य, तर २०२३पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला देते. भरलेल्या आसनाचे भाडे जर शासन देऊ शकते, तर साथीत मुद्दाम रिकामे ठेवलेल्या आसनाचे का देऊ नये?

प्रत्यक्षात घडले ते उलट. अहमदनगर जिल्ह्यात ऑक्टोबर २०२१मध्येही साथ ओसरली नव्हती. एकसष्ट गावांत दहा दिवसांची टाळेबंदी लावावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस डिझेलच्या दरवाढीपायी राज्यभर एस. टी.चे भाडे सतरा टक्क्यांहून अधिक वाढले, आणि पाठोपाठ कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२पर्यंत रेंगाळला. नोव्हेंबरमध्ये खासगी वाहनांना, मालवाहू गाड्यांनासुद्धा, प्रवासी नेण्यास परवानगी द्यावी लागली. ज्या काळात अंतराची सर्वाधिक गरज होती, त्याच काळात सामान्य प्रवाशाच्या वाट्याला सर्वांत दाट गर्दी आली. महासाथीपूर्वी सुमारे अठरा हजार गाड्या बाळगणाऱ्या महामंडळाचा ताफा पुढे पंधरा हजारांच्या आसपास उतरला. सवलतींनी प्रवासी वाढले, गाड्या घटल्या; पुढची साथ येईल तेव्हा आरंभच गर्दीपासून होईल.

१३ मार्च २०२० रोजी राज्यात लागू झालेला साथरोग कायदा १८९७ सालचा, प्लेगच्या दिवसांतला. प्रवाशाला अडविण्याचे व तपासण्याचे अधिकार त्याने शासनाला दिले. प्रवाशाला सुरक्षित नेण्याचे उत्तरदायित्व मात्र त्यात नाही. ही उणीव भरून काढणे अवघड नाही. साथ जाहीर होताच महामंडळाला तिकिटांवर नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरवर रक्कम मिळावी. तिची तरतूद आरोग्याच्या खर्चात धरावी. कचेऱ्या व महाविद्यालये यांच्या वेळा तालुकावार मागेपुढे कराव्यात, म्हणजे एकाच गाडीवर सारा भार पडणार नाही.

साथ संपली की तिची स्मृतीही पुसट होते. रुमाल पुन्हा खिडकीतून पडू लागले आहेत, आणि शेजारी पुन्हा सोबती झाला आहे. ते चांगलेच आहे. परंतु त्या दोन वर्षांत थांब्यावर उभ्या असलेल्या माणसापुढे दोनच वाटा होत्या : भीत भीत चढावे किंवा रोजगार बुडवावा. तिसरी वाट निर्माण करणे हे शासनाचे काम आहे, आणि ते साथ नसतानाच करावयाचे असते.