काळ्या तलवारीचा हिशेब

काळ्या पात्यात चांदण्यांनी भरलेल्या आकाशाचा तुकडा चमकावा, अशी ती तलवार. म्यानही काळे, त्यावर ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे पैलूदार खडे जडवलेले. ती बोलते, आणि तिच्या स्वरात हुकूम गाजवण्याची सवय असलेल्या धन्याचा तोरा असतो. तिचे नाव ब्लॅकरेझर. तिचा संचार मात्र फक्त कागदावर, फाशांवर आणि चार-पाच खेळाडूंच्या कल्पनेत.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण कथेचा सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र स्वीकारतात. पात्राचे बळ, त्याच्याजवळील वस्तू, शिल्लक प्राणांक हे सारे एका कागदावर टिपलेले असते आणि प्रत्येक प्रसंगानंतर बदलते. पेढीवर वाढलेल्या मुलाला त्या कागदात रोजमेळ दिसला तर नवल नाही.

लॉरेन्स शिक यांची ‘व्हाइट प्लूम माउंटन’ ही साहसकथा याच खेळासाठी १९७९ साली निघाली. ग्रेहॉक नगरीतील धनिक संग्राहकांकडून वेव्ह हा त्रिशूळ, व्हेल्म हा युद्धाचा हातोडा आणि ब्लॅकरेझर ही तीन जादुई शस्त्रे चोरीस जातात व ज्वालामुखीच्या पोटात लपवली जातात. मालक वीरांना शिधासामग्री देऊन पाठवतात. शस्त्रे परत आणल्यास, आपल्या आवाक्यात असेल ते मागाल ते देऊ, असा शब्द देतात. म्हणजे माल परक्याचा आणि वीरांकडे तो केवळ अनामत. परंतु ब्लॅकरेझर एकदा हाती आली की परत करण्याचा विचार अवघड होतो.

कारण तिचा लाभ मोठा आहे. २०१४ सालच्या नियमपुस्तकानुसार, तिने जिवंत प्राण्याला मारले की ती त्याचा आत्मा गिळते आणि त्याचे जेवढे पूर्ण प्राणांक, तेवढे तात्पुरते प्राणांक धारकाच्या खाती जमा होतात. (आत्मा अविनाशी मानणाऱ्या वाचकाला ही कल्पनाच विसंगत वाटेल, खेळापुरती ती सोडून द्यावी.) ही जमा चोवीस तासांत विरते. समोर चालते-फिरते प्रेत असेल तर व्यवहार उलटा होतो: घाव प्रेताला बसतो, पण प्राणांक धारकाचे घटतात आणि प्रेताचे वाढतात. त्यात धारकच संपला, तर तलवार त्याचाही आत्मा खाते. तीन दिवस तिला काही मिळाले नाही, तर पुढच्या सूर्यास्ताला ती धारकाशी झगडते. फासे टाकले जातात. तलवार जिंकली की मागणी करते आणि मागणी नाकारली तर धारकाचा ताबा घेऊ पाहते.

या तलवारीवर आणखी एक कर्ज आहे, आणि त्याचा उल्लेख नियमांत नाही. इंग्रज लेखक मायकेल मूरकॉक यांच्या १९६१ सालच्या पहिल्या एल्रिक-कथेपासून स्टॉर्मब्रिंगर नावाची आत्मे पिणारी काळी तलवार वाचकांना ठाऊक होती. दुबळा राजा एल्रिक तिच्याच बळावर उभा राहतो, आणि त्याची प्रेयसी सिमोरिल त्याच तलवारीने मरते. शिक यांनी आपली साहसकथा गायगॅक्स यांच्याकडे नोकरी मिळावी म्हणून, जुन्या रचनांतील उत्तम भाग एकत्र करून लिहिली होती. नोकरी मिळाली आणि कथा जशीच्या तशी छापली गेली. ती छापली जाईल असे वाटले असते तर ही तलवार त्यात घातली नसती, इतके ते उघड अनुकरण होते, असे पुढे शिक यांनीच मान्य केले. नमुन्याची वस्तू दुकानाच्या दर्शनी भागात लागावी, तसे हे झाले. अशी कबुली क्वचितच कोणी देतो. तेवढ्यासाठी तरी शिक यांचे कौतुक करावे.

खेळणाऱ्यांना या इतिहासाची गरज पडत नाही. त्यांच्यापुढे साधा प्रश्न असतो. ज्वालामुखीतून बाहेर पडताना तलवार कमरेला आहे, नगरात तिचे मालक शब्द पाळून वाट पाहत आहेत, आणि तिने शेवटचा घास घेऊन तीन दिवस होत आले आहेत. सूत्रधार विचारतो, “आता काय करता?” टेबलाभोवती काही क्षण कोणी बोलत नाही.