कोंबडीतील अंडनिर्मिती

कोंबडीच्या शरीरात अंडे तयार होण्याची क्रिया संप्रेरके आणि आहार या दोहोंवर अवलंबून असते. अंडे केव्हा तयार व्हावयाचे हे संप्रेरके ठरवितात. त्यासाठी लागणारी द्रव्ये आहारातून मिळतात. आहारात कॅल्शियम अपुरे असल्यास अंडी बंद होण्यापूर्वीच कोंबडीची हाडे झिजू लागतात.

प्रकाश व संप्रेरके

पक्ष्यांमध्ये प्रकाश कवटीतून थेट मेंदूतील अधोथॅलॅमस या भागापर्यंत पोहोचतो. दिवस मोठा होऊ लागला की या भागाकडून पीयूषिका ग्रंथीला संदेश मिळतो व तिच्या संप्रेरकांमुळे अंडाशयाची वाढ होते. कोंबडीत सामान्यतः केवळ डावे अंडाशय कार्यक्षम असते. त्यातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाने यकृतात पिवळ्या बलकाची द्रव्ये बनतात. बलक पक्व झाल्यावर प्रोजेस्टेरॉन व पीतपिंडकारी संप्रेरक यांची रक्तातील पातळी वाढते आणि त्यानंतर 4 ते 6 तासांनी बलक अंडाशयातून सुटतो. यामुळेच कुक्कुटपालनात अंडी देणाऱ्या कोंबड्यांना दिवसाकाठी सुमारे 14 ते 16 तास प्रकाश मिळेल अशी व्यवस्था करतात.

कवच व कॅल्शियम

सुटलेल्या बलकापासून पूर्ण अंडे होण्यास 24 ते 26 तास लागतात. त्यांपैकी सुमारे 20 तास कवच तयार होण्यात जातात. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. कवचाचे बरेचसे काम रात्री, म्हणजे कोंबडी खात नसताना चालते. ही गरज भागविण्यासाठी पहिले अंडे देण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून लांब हाडांच्या पोकळीत एक विशेष अस्थिऊती तयार होते. ही ऊतीही इस्ट्रोजेनच्याच प्रभावाने बनते. रात्री तिच्यातील कॅल्शियम वापरले जाते व दिवसा आहारातून ते भरून निघते.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असावे लागते. वाढत्या तलंगांना सुमारे 1 टक्का पुरते. त्यांना दीर्घकाळ जास्त दिल्यास मूत्रपिंडांना इजा होते. आहारातील कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यास ड-3 जीवनसत्त्व आवश्यक असते. शिंपल्यांचे जाडसर तुकडे पोटात सावकाश विरघळतात, म्हणून ते रात्रीही उपयोगी पडतात. ही भरपाई न झाल्यास मूळ हाडेच झिजतात, कवच पातळ होते आणि कोंबडी पायांवर उभी राहू शकत नाही.

अंडी थांबण्याची कारणे

अंडी उबविण्याच्या काळात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते व अंडी देणे थांबते. अशा कोंबडीला 'खुडूक' म्हणतात. गावरान कोंबड्यांत हे नेहमी आढळते, तर व्हाइट लेगहॉर्न जातीत क्वचितच. उपासमारीतही पीयूषिकेची प्रजननविषयक संप्रेरके घटतात. म्हणून अंडी थांबल्यास प्रकाश, आहार व खुडूकपणा या तिन्हींचा विचार करावा लागतो.