पॅरिसचं आकाश आणि आमचं मैदान

संध्याकाळचे सव्वासात. मैदानावर सातवीची मुलं, काहींच्या आया, कडेवर धाकटी भावंडं. बाईंनी सांगितलं होतं, आज अंतराळ स्थानक दिसणार! आठ वाजले, डास फोडून काढत होते, पण स्थानकाचा पत्ता नाही. ‘उगाच पोरींना रात्रीचं बोलावलंत,’ एक आई जाता जाता बोलून गेली. त्या बाई म्हणजे मीच.

घरी येऊन संगणक उघडला आणि कपाळावर हात मारला. स्टेलॅरियममध्ये आमच्या गावाची जागा भरायचीच राहिली होती. आपण जागा दिली नाही आणि इंटरनेटही नसलं, तर ते पॅरिस धरून चालतं. मी मुलांना पॅरिसचं वेळापत्रक सांगितलं होतं!

‘विकतचं चांगलं घेऊ या का?’ असा विषय शाळेत निघाला. पण सादिलच्या पैशांत खडू-डस्टर भागवताना नाकी नऊ येतात. आणि खरं सांगू, मैत्रिणींनो, चूक फुकटच्या सॉफ्टवेअरची नव्हतीच. संगणकावरचं स्टेलॅरियम पूर्ण मोफत आहे (मोबाइलवरच्या जास्तीच्या सोयींना मात्र पैसे पडतात). एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय आकाश दाखवतं. उपग्रहांचं मात्र वेगळं. त्यांच्या कक्षा थोड्या थोड्या बदलत राहतात. महिन्यापूर्वीची माहिती असेल तर वेळ चुकलीच म्हणून समजा. म्हणून कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी इंटरनेट जोडून ती ताजी करायची. घरचं दूध तरी आपण न बघता पाहुण्यांपुढे ठेवतो का?

आता मी ‘हेवन्स-अबव्ह’ या मोफत संकेतस्थळावर आमच्या गावाचे अक्षांश-रेखांश भरून वेळ काढते आणि ती स्टेलॅरियमशी ताडून बघते. दोन्ही जुळलं तरी आदल्या एखाद्या फेरीला आधी एकटी गच्चीवर जाते. दुपारी वर्गात तेच आकाश पडद्यावर दाखवते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून जातं आणि साधारण दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण तिथे वर ऊन असतं, म्हणून ते चमकतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की भर आकाशात विझतं. हे आधी पाहिलेलं असलं की मुलं घाबरत नाहीत, उलट वाट बघतात. विमान लुकलुकतं, हे लुकलुकत नाही, एवढी खूण पुरते.

पुढच्या खेपेला पत्र पाठवून आयांनाच बोलावलं. पश्चिमेकडून ठळक ठिपका वर चढला. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथेच राहून आले, असं मी सांगत होते, पण ऐकत कोण होतं! मागच्या वेळी बोलून गेलेली ती आई सासूबाईंना बोट धरून दाखवत होती, ‘तो बघा, तो!’