पोर्टफोलिओतून काय वगळावे

अमेरिकेत चित्रकला, शिल्पकला किंवा मुद्राचित्रणात एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) करायचे, तर अर्जात सर्वांत जास्त वजन पोर्टफोलिओला असते. गुणपत्रिका, शिफारसपत्रे, निवेदन त्याच्यामागून येतात. बहुतेक ठिकाणी १५ ते २० प्रतिमा मागतात आणि अनेक विद्यार्थी ही जागा नमुन्यांनी भरतात: एक व्यक्तिचित्र, एक निसर्गचित्र, एक स्थिरचित्र, थोडे डिजिटल. अर्ज तिथेच लंगडा पडतो. एमएफए हा साधारण दोन वर्षांचा, स्वतःचे काम पुढे नेण्याचा अभ्यासक्रम. हात तयार असणार हे धरलेलेच असते. कोणता प्रश्न या माणसाची पाठ सोडत नाही आणि त्यापायी त्याचे काम कसे बदलत गेले, हे निवड समितीला पाहायचे असते. म्हणून अलीकडची, एकाच शोधातून निघालेली कामे हवीत.

यावर कोणी विचारेल, उत्तम साधलेले व्यक्तिचित्र का वगळायचे? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत वास्तवदर्शी चित्रणाला मोठा मान आहे, आणि तो रास्तच आहे. पण त्या चित्रणाची तालीम पुढच्या कामाच्या रेषेतही दिसते. सुटे चित्र मात्र शेजारच्या कामांचा धागा तोडते. व्यक्तिचित्रण हाच शोध असेल, तर अर्थातच तीच चित्रे पाठवावीत. निवडलेल्या कामांच्या फोटोंकडेही फार दुर्लक्ष होते. पडद्यावर सहा फुटी कॅनव्हास आणि सहा इंची मुद्राचित्र सारखीच दिसतात, तेव्हा माप, माध्यम, वर्ष अचूक लिहावे, तैलरंगावर उजेड चमकू देऊ नये आणि जाड रंगलेपाचा एखादा फोटो जवळून घ्यावा.