रामायणातली माणसं : वाट विचारणारा राम

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा करत बीडकडे निघतो. या रस्त्यावर 60-70 किलोमीटरांच्या आत रामायणाच्या तीन जागा आहेत आणि तिन्ही जागा कथेच्या एकाच वळणावरच्या आहेत. येडशीजवळ रामलिंगाच्या दरीत जटायूची समाधी आहे. येरमाळ्याच्या डोंगरावर येडाई देवी आहे. तिने सीतेचं रूप घेऊन रामाची परीक्षा पाहिली, असं भाविक सांगतात. तुळजापूरला घाटशीळ आहे. तिथे उभं राहून भवानीने रामाला लंकेची वाट दाखवली. राज्याभिषेकाचा राम या वाटेवर भेटत नाही, रावणाला मारणाराही नाही. बायको हरवलेला आणि दिसेल त्याला विचारत सुटलेला राम तेवढा इथल्या माणसांनी आपल्याजवळ ठेवून घेतला. मागच्या लेखात सीता लक्ष्मणाला जे कठोर बोलली, तिथे आपण थांबलो होतो. आज त्यानंतरचा राम पाहू.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात हा राम ओळखू येत नाही. 60व्या सर्गात तो झाडांना विचारतो. कदंबाला विचारतो, बेलाला, अर्जुनाला, अशोकाला विचारतो. मग हरणाला, हत्तीला, वाघाला. उत्तर येत नाही तसा दुःखाचा संताप होतो. 64व्या सर्गात तर सीता परत मिळाली नाही तर तिन्ही लोक जाळून टाकीन, असं तो बोलून जातो. लहानपणापासून ज्याला आपण मर्यादेचा पुतळा म्हणून ओळखतो, त्याला त्या दिवशी धाकट्या भावाने हात जोडून आवरावं लागलं. एकाच्या अपराधासाठी साऱ्या जगाला शिक्षा करू नकोस, हे लक्ष्मणाचं सांगणं. थोड्या वेळापूर्वी ज्याच्यावर राम रागावला होता, तोच आता शहाणपण सांभाळून उभा होता. लक्ष्मणाला आपण नेहमी तापट म्हणतो. हे दोन-तीन सर्ग वाचून मग म्हणावं.

आणि लगेच पुढे जटायू भेटतो. या भेटीचा पहिला क्षण कीर्तनात, चित्रांत, मुलांच्या गोष्टींत बहुधा गाळला जातो. रक्ताने माखलेलं ते प्रचंड गिधाड पाहून रामाला वाटतं, यानेच सीतेला खाल्लं. तो धनुष्याला बाण लावतो. ज्याने सीतेसाठी पंख गमावले, त्याच्यावर रामाचा बाण रोखलेला, हे चित्र मला रामायणातलं सर्वांत अस्वस्थ करणारं चित्र वाटतं. जटायू दशरथाचा मित्र. वय झालेलं. रावणाशी झुंज जिंकणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी तो आडवा आला. मरता मरता तो रामाला धीर देतो: ज्या मुहूर्तावर सीता नेली, त्यावेळी गेलेली वस्तू धन्याला परत मिळते. चोर कोण, कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, हे सांगतो, आणि तो राहतो कुठे हे सांगण्याआधीच प्राण जातो. राम त्याला बापासारखा अग्नी देतो. सीता गेल्याच्या दुःखापेक्षा माझ्यासाठी हा मेला याचं दुःख मोठं आहे, असं लक्ष्मणाला सांगतो. या बोलण्यात शोकाइतकाच बाण रोखल्याचा पश्चात्तापही असावा, असं मी वाचतो. वाल्मीकी तसं लिहीत नाहीत, पण दोन्ही गोष्टी इतक्या जवळ ठेवतात की जोडल्याशिवाय राहवत नाही.

जटायू पडला ती जागा आमची, असं इगतपुरी तालुक्यातलं टाकेद म्हणतं, आंध्रातलं लेपाक्षी म्हणतं, केरळातलं चडयमंगलमही म्हणतं. येडशीचाही तोच सांगावा: रामाने बाण मारून पाणी काढलं आणि तहानलेल्या जटायूला पाजलं. खरी जागा कोणती, हा वाद मला घालावासा वाटत नाही. परक्या बाईसाठी मेलेल्या म्हाताऱ्या पक्ष्याचं मरण आपल्या शिवारात घडलं असावं, असं इतक्या दूरदूरच्या लोकांना वाटलं, ही गोष्ट मोठी आहे. रामलिंगाला पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं. भोवती अभयारण्याचं रान आहे, पावसाळ्यात धबधबा सुरू होतो आणि श्रावणी सोमवारी गर्दी मावत नाही. देऊळ महादेवाचं, पण गोष्ट पाखराची.

येडाईने घेतलेल्या परीक्षेची कथा मात्र वाल्मीकींत नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसात ती आहे. तिथे सती सीता होऊन रामासमोर येते, राम तिला हात जोडतो आणि शंकर कुठे आहेत, असं विचारतो. तिथे सतीला याची जबर किंमत मोजावी लागते. सीतेचं रूप घेतलं म्हणून शंकर तिला पत्नी मानायचं सोडतात, आणि शेवटी दक्षाच्या यज्ञात ती देह टाकते. धाराशिवची कथा तिला इतकं कठोर वागवत नाही. येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत तिची पालखी निघते, भाविक चुनखडी वेचतात. तुळजापूरला तर परीक्षा घ्यायला आलेलीच रामाला वर देते, वाट दाखवते. रामवरदायिनी हे तिचं नाव त्यातूनच आलं. रामाने तिला कोणत्या शब्दांत ओळखलं आणि त्यावरून तुकाई, येडाई ही नावं कशी पडली, याची फोड गावोगाव ऐकायला मिळते. मला ओळखणंच जास्त महत्त्वाचं वाटतं. झाडाझाडांत सीता शोधणाऱ्या माणसासमोर हुबेहूब सीता येऊन उभी राहते. वेड्या दुःखाने तिला मिठी मारली असती. राम मात्र थबकतो आणि आई म्हणतो.

म्हणजे एकाच वाटेवर, एकाच शोकात या माणसाची दोनदा पारख झाली. रक्ताने माखलेला मित्र त्याला शत्रू वाटला. सीतेच्या रूपातली परकी मात्र त्याने क्षणात ओळखली. रूपावर तो एकदा फसला, एकदा फसला नाही. खोट्या सीतेला ज्याने पुरावा न मागता ओळखलं, त्यानेच पुढे युद्धकांडात खऱ्या सीतेला साऱ्या सैन्यासमोर टोचून बोलावं, हे मला आजही पचत नाही. येडाईची कथा ऐकली की ते जास्तच लागतं.

तुळजापूर बालाघाटाच्या कडेला आहे. घाट उतरला की सोलापूरकडची सपाटी, म्हणजे दक्षिण. डोंगरातून आलेल्या वाटसरूने पुढची वाट विचारावी ती इथेच, आणि घाटशिळेची कथा रुजायला याहून योग्य जागा नसेल. वाल्मीकींच्या रामालाही वाट दुसऱ्यांनीच दाखवली. हरणांनी दक्षिणेकडे माना वळवल्या, जटायूने नाव सांगितलं, कबंधाने सुग्रीवाचा पत्ता दिला. यांत ऋषी एकही नाही. आणि जटायूच्या तोंडून राहून गेलेला लंकेचा ठावठिकाणा किष्किंधाकांडात त्याच्याच थोरल्या भावाने, संपातीने, वानरांना सांगितला. धाकट्याला सूर्यापासून वाचवताना संपातीचे पंख कधीच जळाले होते, आणि जटायू गेल्याची बातमी त्याला समुद्रकाठी अंगदाच्या बोलण्यातून कळली. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जाऊ.