विश्लेषण : घरी बोलावताना ‘ये’ म्हणावं की ‘या’? स्पॅनिशलाही पडतो हाच प्रश्न

‘अरे, येऊन जा एकदा घरी!’ पोलादपूरच्या एसटी स्टँडवर गाडी हलली तरी खिडकीखालचं हे वाक्य संपत नाही. वाक्य तसं विचित्रच. त्यात दोन आज्ञा आहेत, एक यायची आणि लगेच दुसरी जायची. तरी आजवर कुणाला त्याचा राग आलेला नाही.

हेच स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं? मोबाइलवर भाषा शिकवणारी ॲप आल्यापासून हा प्रश्न महाडच्या कॉलेजातल्या मुलालाही पडू शकतो. स्पॅनिश ही जगात सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. पण ‘ये’साठी ती एकच शब्द हातात ठेवत नाही. आपल्यासारखंच आधी विचारते : बोलावताय कुणाला?

स्पॅनिश मित्राला घरी कसं बोलवायचं?

मित्र एकटा असेल तर ‘बेन’. म्हणजे ‘ये’. स्पेलिंगमध्ये ‘व्ही’ असला तरी स्पॅनिश माणूस त्याचा उच्चार ‘ब’कडे झुकवतो. गंमत म्हणजे ज्याला ‘बेन’ म्हणायचं, त्याच्यासाठीचं सर्वनाम आहे ‘तू’. अगदी आपलाच ‘तू’, उच्चारासकट. हा योगायोग नाही. लॅटिनमधून आलेला त्यांचा ‘तू’ आणि संस्कृत-प्राकृतातून आलेला आपला ‘तू’ हे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत.

परक्या किंवा मोठ्या माणसाला मात्र ‘उस्तेद’ म्हणायचं आणि ‘बेंगा’ म्हणून बोलवायचं. ‘उस्तेद’ हा ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवतार. म्हणून त्याला क्रियापदही तृतीय पुरुषाचं लागतं. आपल्या पत्रिकांतलं ‘आपण यावे’ याच चालीचं : समोरच्याकडे थेट बोट न दाखवता बोलावणं.

मित्रांचा घोळका असेल तर स्पेनमध्ये ‘बेनिद’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘बेंगान’. अर्जेंटिनात एकट्या मित्रालाही ‘बेन’ऐवजी ‘बेनी’. आणि स्टँडवरच्या ‘येऊन जा’ला सगळ्यांत जवळचा शब्द ‘पासाते’, म्हणजे जाता जाता घरावरून जा, डोकावून जा. दारात उभ्या असलेल्याला पुन्हा ‘बेन’ म्हणायचं नाही. तिथे ‘पासा, पासा’ : आत ये, आत ये. आपण ‘या, या’ दोनदा म्हणतो, तसंच.

व्याकरणाचा एक मुद्दा इथेच उरकून टाकू. ‘बेन’ हे नियमाबाहेरचं रूप आहे. नियम पाळला असता तर ते ‘बिएने’ झालं असतं. रोजच्या वापरातले शब्द असेच झिजतात. ‘कर’चं ‘करा’ होतं, तसं ‘ये’चं ‘येआ’ व्हायला हवं होतं, झालं ‘या’. ‘द्या’, ‘घ्या’, ‘न्या’ ही त्याचीच भावंडं. नकार देताना दोन्ही भाषा रूप बदलतात. त्यांचं ‘नो बेंगास’, आपलं ‘येऊ नकोस’.

हाक आल्यावर ‘आलो’ म्हणायचं की ‘जातो’?

स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस हमखास अडखळतो तो इथे. आईने स्वयंपाकघरातून ‘बेन’ म्हणून हाक मारली, तर स्पॅनिश मुलगा ओरडतो ‘बॉय’. शब्दशः अर्थ, ‘जातो’. तो स्वतःच्या पायांकडून हिशेब मांडतो : मी इथून निघून तिकडे जाणार. आपण हाक मारणाऱ्याच्या बाजूने पाहतो आणि ‘आलो’ म्हणतो, तेही भूतकाळात, चप्पल अजून पायात नसताना. महाडच्या बाजारपेठेतून फोनवर आलेल्या ‘आलोच’वर किती भरवसा ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

निरोपाच्या वेळी तर आपली भाषा परक्या माणसाला पुरती चक्रावून टाकते. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून पाहुणा म्हणतो ‘येतो’. आणि यजमान दारात उभं राहून उत्तर देतो, ‘बरं, या.’ म्हणजे आलेल्यालाही ‘या’ आणि निघालेल्यालाही ‘या’. या दुसऱ्या ‘या’चं स्पॅनिश भाषांतर ‘बेंगा’ असं केलं, तर बिचारा पाहुणा पुन्हा आत येऊन बसेल.

मुंबईकरांचा आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. कोकण म्हटलं की त्यांना ‘येवा’ आठवतं. ते मालवणी, सिंधुदुर्गाकडचं. गोव्याच्या कोकणीत एकट्याला ‘यो’ म्हणतात आणि स्वागतालाच ‘येवकार’ असा सुंदर शब्द आहे. महाड-पोलादपूरकडे मात्र सरळ ‘ये’ आणि ‘या’. फार तर मागे ‘ना’, ‘की’, ‘हं’ लागतं. ‘छबिन्याला ये’ ही माहिती झाली. ‘छबिन्याला ये हं’ म्हटलं की वीरेश्वराच्या त्या उत्सवात तुमची वाट पाहिली जाणार, असं समजा.

‘ये’ जवळिकीचं की कमी लेखण्याचं?

दोन्ही. आणि हा फरक महाडइतका कुणाला माहीत असणार?

मराठीत आईला ‘ये’ आणि बाबांना ‘या’ म्हणणारी घरं आजही असंख्य आहेत. विठ्ठलाला आपण ‘ये’ म्हणतो. विसर्जनाला गणपतीला मात्र ‘लवकर या’ म्हणून विनवतो. म्हणजे एकेरी ‘ये’ जिव्हाळ्याचंही असतं. पण ते तसं कधी असतं? समोरचाही आपल्याला ‘ये’ म्हणू शकत असेल, किंवा निदान आपण म्हटलेलं त्याला आवडत असेल, तेव्हाच.

जुन्या गावगाड्यात हा तोल नव्हता. दलित वस्तीतल्या पांढऱ्या केसांच्या माणसालाही वरच्या जातीतलं पोर ‘ये रे’ म्हणे आणि त्याने मात्र त्या पोरालाही ‘या’ म्हणायचं. शब्द तोच, स्टँडवरच्या मित्राचा. पण एकाच दिशेने जाणारा ‘ये’ हे बोलावणं नसतं, तो हुकूम असतो.

चवदार तळ्याची गोष्ट या अंगानेही वाचता येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही पुढच्याच वर्षी आपलं तळं खुलं केल्याचं कागदावर नोंदवलं. कागद ‘या’ म्हणत होता. गाव म्हणत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, ते कुणाच्या ‘या’ची वाट न पाहता. त्यानंतर जमावाने त्यांच्या लोकांवर हल्ला केला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

आजही रायगड जिल्ह्यात वीटभट्टीवर किंवा शेतावर काम करणाऱ्या वयस्क आदिवासी माणसाला किती सहज एकेरी हाक मारली जाते, याकडे कान देऊन पाहा. स्पॅनिश शिकताना ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांचा तक्ता पाठ करणाऱ्या मुलांनी हाही तक्ता एकदा तपासायला हरकत नाही.

काय म्हणावं कळेना, तर?

मराठीने यावर एक नामी तोड काढली आहे आणि ती लग्नपत्रिकेच्या तळाशी सापडते. घरातल्या लहान मुलांची नावं घालून छापलेली ‘किलबिल’ : ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ ‘यायचं’मध्ये ना तू आहे, ना तुम्ही. म्हणून चार वर्षांचं मूल कलेक्टरलाही हे म्हणू शकतं आणि कुणाचा मान कमी होत नाही. नव्या सुनेला सासरच्या माणसांना काय म्हणावं हे उमगेपर्यंत ‘जेवायला यायचं ना?’ हेच वाक्य तारून नेतं. स्पॅनिशमध्ये आज्ञार्थात इतकी मोकळी पळवाट नाही. तिथे ‘बेन’ की ‘बेंगा’, हे तोंड उघडतानाच ठरवावं लागतं. मला विचाराल तर ‘यायचं हं’ हे मराठीतलं सर्वांत गोड आमंत्रण आहे.

‘घरी या’ म्हटलं की खरंच जायचं का?

‘या कधीतरी’ हे बहुधा सौजन्य. ‘रविवारी जेवायला या’ हे आमंत्रण. स्पेनमध्येही नुसत्या ‘पासाते’वर कुणी पिशवी भरून निघत नाही, वार आणि वेळ ठरली की मगच ते खरं. आपल्याकडे वारापेक्षाही एक जास्तीची कसोटी आहे : बोलावणारा स्वतः आला होता का?

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. पोवाड्यांतून चालत आलेली त्यांची कथा सुरू होते ती मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या आमंत्रणापासून. शिवाजी महाराजांना बोलवायला तानाजी स्वतः गेले, कोंढाण्याची मोहीम कळली आणि लग्न मागे पडलं. फेब्रुवारी १६७० मध्ये गड घेताना ते पडले. कथेत लोकांनी आमंत्रणाला एवढं महत्त्वाचं स्थान दिलं, यात नवल नाही. लग्नाचं बोलावणं निरोपाने धाडायचं नसतं, हे इथल्या ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आता पत्रिका व्हॉट्सॲपवर येते. ‘धावपळीत प्रत्यक्ष येणे न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ ही ओळ पूर्वी अपवादासाठी होती, आता तीच नियम झाली आहे. मुंबईतल्या चाकरमान्याला हे सोयीचं वाटतं. गावातल्या भाऊबंदकीत मात्र ‘आम्हाला फक्त मोबाइलवर बोलावलं’ हे वाक्य अजून वर्षानुवर्षं टिकतं. शक्य असेल तर पत्रिका पाठवल्यावर निदान फोन करा आणि तोंडाने ‘या’ म्हणा. पत्ता पाठवताना लोकेशनही नीट पाहा. अष्टविनायकातला खोपोलीजवळचा महड आणि आपलं महाड यांचं इंग्रजी स्पेलिंग एकच असल्याने वऱ्हाड भलतीकडे पोहोचू शकतं.

एक ‘या’ मात्र कुठल्याच पत्रिकेवर छापला जात नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, तळमजले बुडाले. सखल भागात राहणाऱ्यांना जुलैतला तो आवाज नवा नाही : जिन्यावरून, गॅलरीतून, अंधारात. ‘वर या! सगळे वर या!’ त्या वेळी खाली उभा असलेला शेजारी बोलण्यातला आहे की नाही, हे कुणी विचारत बसत नाही.