घरातल्या पेटीत उमटणाऱ्या विश्वकिरणांच्या रेघा

मूलकणांचा अभ्यास करायचा तर ते निर्माण करणे आणि ते दृश्यमान करणे अशी दोन कामे करावी लागतात. यांपैकी पहिले, अतिशय खर्चिक काम पृथ्वीचे वातावरण अहोरात्र करीतच असल्यामुळे दुसरे काम घरच्या टेबलावरही साधता येते. अवकाशातून येणारे विश्वकिरण, म्हणजे मुख्यतः प्रचंड वेगाचे प्रोटॉन, हवेतील अणुकेंद्रकांवर आदळले की नव्या कणांचा वर्षाव होतो, आणि त्यांतले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचेच सुमारे २०७ पट जड भावंड, जमिनीपर्यंत पोहोचतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडत असतो.

हे कण दाखवणारे सर्वांत सोपे साधन म्हणजे बाष्पकोठी, अर्थात क्लाउड चेंबर. तिचा जन्म हवामानशास्त्रातून झाला. स्कॉटलंडचे सी. टी. आर. विल्सन यांनी १८९४ मध्ये बेन नेव्हिस शिखरावरील वेधशाळेत ढगांवर पडणारी प्रकाशवलये पाहिली, ती प्रयोगशाळेत घडवण्यासाठी त्यांनी दमट हवा एकाएकी प्रसरण पावू देऊन कृत्रिम ढग तयार केले, आणि धूलिकण नसले तरी विद्युत्भारित आयनांवर थेंब धरतात हे त्यांच्या ध्यानी आले. १९११ मध्ये त्यांना कणांचे मार्ग छायाचित्रांत टिपता आले व १९२७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. पुढे १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, अशाच कोठीत सापडला.

घरी बांधली जाते ती मात्र विल्सन यांच्या धर्तीची नव्हे, तर अलेक्झांडर लँग्सडॉर्फ यांनी १९३० च्या दशकात सुचवलेली विसरण बाष्पकोठी होय, कारण तिला हलणारे भाग नसतात आणि ती सलग चालू राहते. काचेच्या हवाबंद पेटीच्या वरच्या बाजूस आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला जाड नमदा बसवतात, तळाला काळा रंग दिलेला धातूचा पत्रा असतो, आणि तो पत्रा कोरड्या बर्फावर, म्हणजे उणे ७८.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या घन कार्बन डायऑक्साइडवर, टेकवलेला असतो. वरून खाली येणारी अल्कोहोलची वाफ थंड होत होत तळालगतच्या पातळ थरात अतिसंपृक्त होते, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी मावावी त्याहून अधिक वाफ तेथे साठते आणि थेंब धरण्यासाठी केवळ निमित्त शोधत असते. वेगवान भारित कण हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन उखडून मागे आयनांची रांग सोडतो, तीच हे निमित्त ठरते, आणि बाजूने टाकलेल्या विजेरीच्या झोतात पांढरी रेघ क्षणभर झळकून विरते.

या रेघा वाचता येणे हाच या छंदाचा खरा गाभा आहे. आखूड, जाड व सरळ रेघ अल्फा कणाची असते आणि ती बहुधा घरातल्या हवेत असणाऱ्या रेडॉन वायूपासून येते. बारीक, वेडीवाकडी रेघ हवेच्या रेणूंशी टक्कर होऊन सहज भरकटणाऱ्या इलेक्ट्रॉनाची. तर लांब, बारीक, सरळ रेघ बहुधा म्यूऑनाची. येथे एक बारकावा नवख्याला चकवतो: म्यूऑन मुख्यतः वरून खाली येतात, पण संवेदनशील थर जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जाडीचा असल्याने उभ्या म्यूऑनाची खूण लहानशीच दिसते, आणि लांब रेघा तिरप्या येणाऱ्या थोड्या म्यूऑनांच्याच असतात. म्हणून दिसलेल्या लांब रेघा मोजून म्यूऑनांची संख्या ठरवणे चुकीचे होय.

म्यूऑनाचे दर्शन आणखी एका कारणासाठी मोलाचे आहे. स्थिर म्यूऑनाचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात प्रकाशदेखील सुमारे ६६० मीटरच जातो. तरीही पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन जमिनीवर पोहोचतात, कारण सापेक्षता सिद्धांतानुसार अतिवेगवान कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते.

काळजी मात्र अनिवार्य आहे. अल्कोहोलची वाफ ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत नसावी, कोरडा बर्फ उघड्या हातांनी धरू नये, बंद डब्यात ठेवू नये, आणि खोलीत हवा खेळती असावी.

मोजणी करायची असेल तर सिंटिलेटर, म्हणजे कण गेल्यास मंद चमकणारे प्लॅस्टिक, आणि ती चमक टिपणारा सिलिकॉन संवेदक यांचा शोधक जुळवावा लागतो. असे दोन शोधक एकावर एक ठेवून दोन्हींत एकाच वेळी उमटणारे संकेत तेवढे मोजले, तर दोन्ही भेदून जाणारे म्यूऑन आसपासच्या किरणोत्सारापासून बरेचसे वेगळे काढता येतात. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ वेगळ्या, वायुभरित नळ्यांनी हेच म्यूऑन फार मोठ्या क्षेत्रावर मोजतात, आणि डिसेंबर २०१४ मधील एका वादळात त्यांच्या संख्येत झालेल्या घटीवरून ढगातील विद्युत्दाब सुमारे १.३ अब्ज व्होल्ट असल्याचे त्यांनी दाखवून दिले.